चिंचटेकडीला उतरलेलं विमान

लोक बीड जिल्ह्यात कपिलधारचा धबधबा बघायला जातात, लिंबागणेशच्या गणपतीला जातात, दिवस असतील तर सीताफळांच्या पाट्या घेऊन येतात. मी गेले ते लढाऊ विमानांच्या भांडणाचा निकाल लावायला.

मी नाशिकची. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि गेली काही वर्षं एका साप्ताहिकात लढाऊ विमानांवर लिहिते. बाईमाणसानं लोणच्यांवर लिहावं असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगते, की लोणचंही मी बरं घालते. तर गेल्या हिवाळ्यात मला एक फोन आला.

"मॅडम, मी भाऊराव बोलतो, चिंचटेकडी, वडवणीजवळ. तुमचं लिवलेलं वाचतो मी. आमच्या गावात मिग घ्यायचं का राफेल, ह्याच्यावरून लई ताणाताणी चाललीय. तुमी येऊन निकाल लावा."

कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटून मी फोन ठेवणार होते. पण माणूस नेटानं सांगत राहिला, तेव्हा उलगडा झाला. गावातले आसाराम तात्या तरुणपणी हवाई दलात मिग-२१ विमानांच्या देखभालीवर होते. ती विमानं आता निवृत्त झाली, तेव्हा गावानं ठरवलं की तात्यांच्या मानासाठी चौकात एक विमान बसवायचं. ओटासुद्धा बांधून झाला. विमान कोणतं, एवढाच प्रश्न उरला आणि त्यावर गावाच्या दोन फळ्या पडल्या.

देशाच्या खरेदीत मला आजवर कुणी विचारलेलं नाही. गावानं विचारलं. मी बॅग भरली. (गावाचं नाव मी बदललं आहे. का, ते पुढे कळेल.)

बीडकडे

नगरपासून बीडपर्यंत आता रेल्वे आली आहे, म्हणून मी मुद्दाम रेल्वेनंच गेले. डब्यात समोर एक गृहस्थ बसले होते. ते खिडकीबाहेरच्या शेतांकडे असे बघत होते, जणू त्यांनीच पेरलीत. मी विचारलं, "रोज येता का?"

"न्हाई हो, पयल्यांदाच. आमच्या आज्यानं हिची मागणी केलती, बापानं मोर्चे काढलते, आन मी तिकीट काढलं."

मी इतकी हसले की डबा माझ्याकडे बघायला लागला. आपल्याकडे लढाऊ विमानांची खरेदी अगदी अशीच चालते. विमान पाहिजे म्हणून अर्ज लिहिणारा अधिकारी निवृत्त होतो, चाचणी घेणाऱ्याचे केस पांढरे होतात, करार मोडतो, नवा होतो, आणि ज्यानं काहीच मागितलं नव्हतं त्याच्या कारकिर्दीत विमान उतरतं. गृहस्थांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पण उतरतंय ना? मग झालं तर." आणि त्यांनी डब्यातून दशम्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

चिंचटेकडी

बीडहून भाऊरावांनी मला जीपनं नेलं. साठी उलटलेले, उंच, पांढरेशुभ्र कपडे, आणि बोलताना टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकायची सवय. वाटेत त्यांनी विरोधी फळीचा समाचार घेतला. त्या फळीचा म्होरक्या म्हणजे गावाचा सरपंच बाळासाहेब. निम्मी वाट संपल्यावर कळलं की बाळासाहेब त्यांचा सख्खा पुतण्या आहे आणि दोघांच्या घरांची मधली भिंत एकच आहे.

"मग बोलत नाही तुम्ही?"

"बीड जिल्ह्यात चुलत्या-पुतण्याचं पटलं तर लोक चौकशीला येतील, मॅडम," ते म्हणाले. यात खेद किती आणि अभिमान किती, ते मला सांगता येणार नाही.

चौकात पोचलो तेव्हा ओटा दिसला. चांगला उंच, फरशी लावलेला, आणि त्यावर एक तांबडी शेळी रवंथ करत बसलेली. शेजारी ओट्याला पाठ टेकून एक म्हातारा उन्हात बसला होता. हेच आसाराम तात्या. भाऊरावांनी माझं नाव सांगताच ते उठले, टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि मी होते त्याच्या जरा डावीकडे बघून म्हणाले, "रामराम ताई. विमानाची काळजी घेनारं कुणीतरी आलं म्हना."

एवढ्यात सरपंच मोटारसायकलवरून आलाच. पस्तिशीचा, हसरा, हातात मोबाईल. त्यानं पडद्यावर राफेलचा फोटो दाखवला. "मॅडम, गेवराईचा मूर्तिकार फायबरमंदी हुबेहूब करून देतो. पोराबाळांना आज हेच विमान म्हाईत हाय. मिग तर रिटायर झालं. रिटायर झालेलं आनायचं म्हंजी पोळा झाल्यावर बैलाची शिंगं रंगवायची."

"आन तुझं प्लास्टिकचं!" भाऊराव माझ्याकडे बघत पुतण्याला म्हणाले. "जत्रंत पाळण्याजवळ ठिवायचं. मी खरं मिग मागितलंय, सरकारात अर्ज केलाय मी."

"अर्जाला दाढी आली, मॅडम. त्यांना सांगा," बाळासाहेब म्हणाला. दोघं एकमेकांशी माझ्यातर्फे बोलत होते. दोन देशांचे वकील मध्ये तिसरा देश धरून बोलतात, तसा मान मला पहिल्यांदाच मिळत होता.

जेवायला भाऊरावांकडे. त्यांच्या पत्नी गयाबाई यांनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा वाढला. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची ही दाट आमटी. आमच्याकडे आमटी ही वरणाची बहीण असते. ही तिची सासू निघाली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्या घासाला मी पुन्हा वाढून मागितली. तेवढ्यात गयाबाईंनी एक भरलेली वाटी मधल्या भिंतीवर ठेवली. पलीकडून एक हात आला आणि वाटी गेली. भाऊराव ताटात बघून जेवत राहिले.

"बाळूला येसर लई आवडतंय," गयाबाई मला हळूच म्हणाल्या. "आई लवकर गेली त्याची. मीच वाडवला. आता ह्यांचं राजकारण, मी काय करू?"

शाळेच्या पटांगणातलं व्याख्यान

संध्याकाळी व्याख्यान. मी नाशिकहून मोठमोठे रंगीत फोटो छापून नेले होते. ते शाळेकडे नेण्याआधी चौकातल्या ओट्यावर मांडून ठेवले आणि चहा प्यायला गेले, एवढं निमित्त शेळीला पुरलं. परत येऊन बघते तर राफेलचा अर्धा पंख आणि पूर्ण शेपूट तिच्या पोटात. भाऊराव खूश झाले. "बघा, शेळीनं निकाल दिला!" त्यावर बाळासाहेबानं शांतपणे दाखवलं, की मिगच्या फोटोला तिनं तोंडसुद्धा लावलेलं नाही. मग वीज गेली. मी शेवटी मोबाईलच्या उजेडात शाळेच्या भिंतीवर खडूनं विमानं काढली.

मी सांगितलं ते असं. मिग-२१ हलकं आणि चपळ, पण इंजिन एकच आणि उतरतानाचा वेग जास्त. सुखोई म्हणजे दोन इंजिनांचा धिप्पाड गडी, लांब जातो, भरपूर वाहतो, पण त्याला पोसायचा खर्च दांडगा. राफेल मध्यम बांध्याचं, त्यालाही दोन इंजिनं, आणि एकाच फेरीत हवेतलं आणि जमिनीवरचं अशी दोन्ही कामं करणारं. तेजस आपलं घरचं, आटोपशीर, त्यानं मला नेहमीच लळा लावला आहे, पण त्याचं इंजिन बाहेरून येतं आणि ते येईपर्यंत विमान वाट बघत उभं राहतं. अमेरिकेचं एफ-३५ रडारला सहज सापडत नाही, पण त्याची कळ विकणाऱ्याच्याच हाती राहते असं टीकाकार म्हणतात.

"म्हंजी बैल आपल्या दावणीला आन कासरा त्याच्या हातात?" मागून एका बाईंनी विचारलं.

"तसंच काहीसं," मी म्हटलं. पुढे खरेदीचं राजकारण सांगितलं. विरोधात असलेला पक्ष किंमत विचारतो, सत्तेतला गुप्ततेचं कलम दाखवतो, आणि निवडणुकीनंतर बाकं बदलली की संवादही बदलतात. देशाला किती विमानं लागतात यापेक्षा ती कुणी आणली यावर जास्त घसा कोरडा होतो. ही गोष्ट मी बरीच तावातावानं मांडली. माझं पहिल्यापासूनचं मत आहे, की जनतेच्या पैशाचा व्यवहार उघड्यावर व्हावा. टाळ्या पडल्या. चुलत्या-पुतण्यांनी दोघांनीही वाजवल्या, कारण प्रत्येकाला ते दुसऱ्याला उद्देशून वाटलं.

शेवटी तात्या उभे राहिले. "ताई, लई छान सांगितलं. एक इचारतो. ह्यातलं हमखास परत कोन्तं येतं?"

मी म्हटलं, दोन इंजिनं असली तर एक बंद पडूनही येता येतं, म्हणून सुखोई आणि राफेल त्या बाबतीत बरी. हमखास मात्र कोणतंच नाही. तात्यांनी मान हलवली, "बराबर हाय," म्हणाले आणि बसले. उत्तर चुकलं नव्हतं, तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर मला तो प्रश्न पुन्हा आठवला.

वडवणीचा बाजार

दुसऱ्या दिवशी वडवणीचा आठवडी बाजार होता. गयाबाई मला घेऊन गेल्या. भाऊराव पुढे, बैलांकडे. भाजी, मिरच्या, दोरखंड, घुंगरं हे सगळं मागे टाकून मीही तिकडेच गेले, कारण तिथे खरेदी चालली होती आणि खरेदी हा माझा विषय.

एका खिलार जोडीभोवती घोळका होता. घेणारा बैलाचे दात बघून झाला, पाठीवर थाप मारून झाला, चालवून बघून झाला. मग विकणाऱ्यानं आणि मधल्या दलालानं एकमेकांचे हात धरले आणि वर टॉवेल टाकला. तोंडं गप्प. टॉवेलाखाली बोटं हलत होती. जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा. एकानं मान नकारार्थी हलवली, दुसरा हसला, पुन्हा बोटं हलली. मग दलाल तोच टॉवेल घेऊन घेणाऱ्याकडे गेला. अखेर त्यानं टॉवेल झटकला, म्हणाला, "ठरलं!" आणि भंडारा उधळला गेला.

"कितीला ठरलं?" मी विचारलं.

भाऊरावांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भर बाजारात कुणाचं वय विचारलं. "ते टॉवेलाला म्हाईत. मधला मानूस कदी सांगत न्हाई. सांगितलं तर परत त्याच्या टॉवेलात कोन हात घालील?"

"पण मग एवढं गुप्त ठेवायचं कावून?" 'का'साठी मी त्यांच्याकडचाच शब्द वापरला.

"मॅडम, मी वरून उतरलो आन त्यो खालून चडला, हे चारचौघांत दिसलं तर दोघंबी अडून बसत्याल. झाकल्यावर मानूस नरम पडतोय."

माझ्या कालच्या व्याख्यानाला हे छेद देणारं होतं. पैसा स्वतःचा असेल तर झाकायला हरकत नाही, दुसऱ्याचा असेल तर आहे, असं मी त्यांना बजावलं. ते त्यांनी मान्य केलं आणि मला भेळभत्ता घेऊन दिला.

हुरडा

तिसऱ्या दिवशी तात्यांच्या शेतात हुरडा. आमच्याकडे हुरडा पार्टीची तिकिटं काढून लोक जातात आणि रांगेत ताट घेऊन उभे राहतात. इथे गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसली, तळहातावर चोळली, फुंकर मारली, आणि गरम कोवळे दाणे थेट माझ्या ओंजळीत. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि आंबटगोड दही. मी किती खाल्लं हे माझ्या डॉक्टरांना कळू नये.

तात्या माझ्याजवळ बसले होते. गयाबाई पलीकडे कणसं चोळत होत्या. मी बघत होते, तात्यांच्या अगदी पुढ्यात मातीचं दह्याचं गाडगं होतं, त्याला त्यांचा पाय लागला. पण लांब बांधावर स्टीलचा तांब्या उन्हात चमकत होता, त्याकडे ते सरळ चालत गेले आणि पाणी पिऊन आले.

"तात्या, तुम्हाला कितपत दिसतं?" मी एकदम विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

ते हसले. "धरलं तुमी. चकाकतं तेवडं दिसतंय. बाकी समदं धुरकाट. काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनले, हाय तेबी ह्या साली जाईल. गावात कुनाला सांगितलं न्हाई, उगं कीव करत्याल."

गयाबाईंचे हात थांबले. तात्यांना ते दिसलं नाही.

"मग विमान लवकर बसायला पाहिजे," मी म्हटलं. "मिग की राफेल, तुम्हाला काय वाटतं?"

तात्यांनी हातातलं कणीस चोळून संपवलं. मग सांगितलं. विमान उडायच्या आधी चाकांखालचे ठोकळे काढायचे आणि परत आलं की ते पुन्हा चाकांना लावायचे, ही त्यांची कामगिरी. ज्यानं धाडलं त्यानंच उतरून घ्यायचं, असा त्यांच्या तुकडीचा रिवाज होता. एका सकाळी त्यांनी एक तरुण वैमानिक असाच धाडला. जाताना त्यानं काचेतून अंगठा दाखवला, तात्यांनीही दाखवला.

"त्ये विमान परत आलं न्हाई ताई. साहेबबी न्हाई. माझी चूक न्हवती, चौकशीत तसं निघालं. पन मी ठोकळे घिऊन हुबा व्हतो. दिवस मावळला, तरी हुबा. मला धरून बराकीत न्यावं लागलं. लई दिवस झाले, पन त्ये ठोकळे मी खाली ठिवलेच न्हाईत म्हना. आजूनबी सांच्याला चौकात बसलो की कान वरच आसतात."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"म्हनून म्हंतो, मिग आना नायतर राफेल. समदीकडं विमान बसिवत्यात त्ये नाक वर करून, उडतानाचं. मला उडतानाचं नगं. उतरल्यालं पायजे. चाकं खाली."

"हे तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"मी तोंड उघडलं की एकाच्या बाजूचा व्हनार. दोघंबी माजीच पोरं हायत. तुमी उद्या जानार. तुमी सांगा."

"डोळ्यांचंही सांगू?"

गयाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "सांगा," तात्या म्हणाले.

टॉवेल

त्याच दुपारी ओट्यापाशी निकालाची बैठक भरली. गाव जमलं होतं. चुलता एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या, मध्ये मी आणि वर शेळी. तात्या नेहमीच्या जागी ओट्याला टेकून.

सुरुवात वाईट झाली. भाऊराव म्हणाले, खरं विमान नाही तर काहीच नाही. बाळासाहेब म्हणाला, मॅडम, सांगा त्यांना, ओटा ग्रामपंचायतीचा आहे. त्यावर भाऊराव इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट बोलले, "जागा माझ्या बापानं दिलीय बे!" मग दोन्हीकडची मंडळी उठून उभी राहिली. कुणी कुणाला ऐकेना. मला वाटलं, मी कसली निकाल लावते, हे विमान काही या गावात उतरत नाही.

तेव्हा गयाबाई बायकांच्या घोळक्यातून सरळ पुढे आल्या. नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल त्यांनी ओढून घेतला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"लई झालं. चारचौघांत तुमाला खाली बसाया येत न्हाई ना? मग घाला ह्याच्यात हात. ह्या बाई ना तुमच्या ना त्याच्या. एक बोट मिग, दोन बोटं राफेल. बाई म्हन्तील ते ठरलं."

बाईच्या टॉवेलात सौदा या भागात कुणी पाहिला नव्हता. पण दोघांपैकी एकालाही नाही म्हणता आलं नाही, कारण दोघंही गयाबाईंच्याच हातचं जेवत होते.

मी उजवा हात भाऊरावांना दिला, डावा बाळासाहेबाला, आणि गयाबाईंनी वर टॉवेल पसरला. उजव्या हातावर खरबरीत पंजानं एक बोट करकचून दाबलं. डाव्यावर दोन. जिथल्या तिथं. मी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा तेच.

"थांबा," मी म्हटलं. "हात काढू नका. आधी ऐका."

आणि मी सगळं सांगितलं. ठोकळे घेऊन उभं राहणं, न परतलेलं विमान, उतरलेलं पाहिजे हे, आणि शेवटी डोळ्यांचं. वरून शेळीच्या रवंथाचा आवाज येत होता. तात्या खाली मान घालून बसले होते. भाऊराव त्यांच्याकडे बघत राहिले. बाळासाहेबानं तोंड फिरवलं.

मग टॉवेलाखाली हालचाल झाली. भाऊरावांच्या पंजानं माझी दोन बोटं धरली, अगदी हलकेच. त्याच वेळी डाव्या हाताचं एकच बोट दाबलं गेलं. चुलता पुतण्याच्या राफेलवर आला होता, आणि पुतण्या चुलत्याच्या मिगवर. दोघंही समोर बघत होते, चेहरे दगडासारखे.

मला हसू आणि रडू एकदम आलं. पण आता निवाडा मलाच करायचा होता, आणि त्याला रडार, पल्ला, क्षेपणास्त्रं यांतलं काहीच कामाचं नव्हतं. राफेल करड्या रंगाचं. धुरकट डोळ्यांना ते आभाळात मिसळून जाणार. तात्यांच्या वेळचं मिग रुपेरी होतं, उघड्या धातूचं, उन्हात तांब्यासारखं चमकणारं.

मी टॉवेल झटकला. "ठरलं! मिग. पण अर्जाची वाट बघायची नाही, गेवराईच्या मूर्तिकाराकडून फायबरचं. रुपेरी रंग. आणि चाकं खाली."

भाऊरावांनी चमकून पुतण्याकडे पाहिलं. त्यांनी दाबलेलं एक आणि ठरलेलं दुसरंच. म्हणजे पुतण्याचंही बोट बदललं असणार, हे बाजारात जन्म गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाळासाहेब मात्र चपलेनं माती उकरत होता.

"मग मूर्तिकाराकडं मी येतो संगं," भाऊराव म्हणाले. "त्याला मिग काय म्हाईत. उगं घोड्यावानी करून ठिवील." हे ते थेट पुतण्याला म्हणाले. मध्ये मी नव्हते.

निघताना दोघांनीही खात्री करून घ्यायला मला वेगवेगळं गाठून विचारलं, समोरच्यानं काय दाबलं होतं. मी म्हटलं, ते टॉवेलाला माहीत. आता मात्र लिहिते आहे, म्हणून टॉवेलातलं गुपित पंचक्रोशीत फुटू नये यासाठी गावाचं नाव बदललं. दोघांनी वाचलंच तर वाचू दे. एव्हाना त्यांना कळायला हरकत नाही.

पुन्हा चिंचटेकडी

होळी झाल्यावर बाळासाहेबाचा फोन आला, विमान तयार आहे. मी पुन्हा त्याच रेल्वेनं गेले. या वेळी स्टेशनवर चुलता-पुतण्या दोघंही घ्यायला आले होते आणि वाटभर जीप कुणी चालवायची यावर भांडत होते.

मूर्तिकारानं आजवर घोडे, सिंह आणि पुढारी घडवले होते, ते त्याच्या हातातून गेलं नव्हतं. मिगच्या पोटाला जरा घोड्याचा भरदारपणा आला होता आणि पंख असावेत त्याहून थोडे ऐसपैस होते. एखाद्या जाणकारानं नावं ठेवली असती. जाणकार म्हणजे मीच, आणि मला ते फार देखणं वाटलं. चाकांवर घट्ट उभं, नाक समोर, आणि सकाळच्या उन्हात असं लखलखत होतं की डोळे दिपत होते.

हार झाले, नारळ झाला. उद्घाटन सरपंचानं करावं असा भाऊरावांचा आग्रह, भाऊकाकांनी करावं असा सरपंचाचा. शेवटी गयाबाईंनी दोघांना मागे सारलं आणि तात्यांना हात धरून गल्लीच्या तोंडाशी आणून उभं केलं.

तात्या थांबले. त्यांची मान आधी इकडे तिकडे झाली आणि मग एका जागी स्थिर झाली. मी जवळच होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना दिसलं होतं.

गयाबाईंचा हात सोडून ते एकटेच चालत निघाले, तांब्याकडे गेले होते तसे, सरळ. ओट्याच्या पायऱ्या चढले. नाकापासून सुरुवात करून एक हात विमानाच्या अंगावर ठेवून त्यांनी पूर्ण फेरी घातली. फायबरवर बोटं वाजवून बघितली. मग पुढच्या चाकापाशी वाकले, चाचपलं, आणि मागे वळून जुन्या, कवायतीच्या आवाजात ओरडले,

"बाळू! भाऊ! दगड आना बे दोन! चाकाला काय लावलंच न्हाई तुमी!"

दोघं धावले. चुलत्यानं एक आणला, पुतण्यानं एक. तात्यांनी ते दगड घेतले, वजन बघितलं, एक चाकाच्या पुढे सारला, एक मागे, आणि दोन्ही तळव्यानं ठोकून घट्ट बसवले. मग ते उठले, हात झटकले आणि वर काचेकडे तोंड करून त्यांनी अंगठा दाखवला.

"आलं," ते म्हणाले. "लई उशीर केला. पन आलं."

आणि ओट्यावरून उतरून ते घरी जेवायला गेले. भाऊराव सांगतात, की तेव्हापासून तात्या संध्याकाळी चौकात येऊन बसत नाहीत. दिवस मावळायच्या आत जेवून झोपतात, आणि त्यांना झोप चांगली लागते.